पुण्याहून दिल्ली: अंतर एक, वेळा अनेक

येरवडा, विश्रांतवाडी, विमाननगर, लोहगाव या भागांतल्या शाळांना विमानांच्या आवाजाची सवय असते. लढाऊ विमान डोक्यावरून गेले की शिक्षकांना वाक्य अर्धवट सोडून थांबावे लागते. प्रवासी विमान गेले की मुले खिडकीकडे पाहतात आणि एखादा विचारतो, “हे कुठे चालले असेल? किती वेळात पोहोचेल?” प्रश्न अगदी साधा आहे. उत्तरही सोपे असावे असे वाटते, कारण सूत्र सगळ्यांना पाठ असते: अंतर भागिले वेग म्हणजे वेळ.

हे सूत्र वापरून पाहू या. पुणे ते दिल्ली विमानाचे अंतर साधारण साडेअकराशे किलोमीटर आहे. प्रवासी जेट विमान ताशी सुमारे ८३० किलोमीटर वेगाने जाते. भागाकार केला की उत्तर येते १ तास २३ मिनिटे. आता विमान कंपन्यांचे वेळापत्रक उघडा. तिथे सव्वादोन तासांच्या आसपासची वेळ छापलेली दिसेल. फरक थोडाथोडका नाही, पाऊण तासाहून जास्त आहे.

इथे विद्यार्थी दोनपैकी एक निष्कर्ष काढतो. एक तर विमान कंपन्या वेळ वाढवून सांगतात, नाही तर गणिताच्या पुस्तकातले खऱ्या जगात चालत नाही. दुसरा निष्कर्ष जास्त घातक आहे, आणि बहुतेक मुले तोच मनात ठेवून पुढच्या इयत्तेत जातात. सूत्र चुकलेले नाही. आपण त्यात घातलेले अंतर कोणते, वेग कोणता आणि वेळ कुठून कुठपर्यंतची, हे विचारायचे राहून गेले आहे. ते प्रश्न एकेक करून विचारू या.

अंतर कोणते?

पुण्याहून दिल्लीला रस्त्याने जायचे तर चौदाशे किलोमीटरांहून अधिक अंतर पडते. रस्ता घाट, नद्या आणि गावे सांभाळत वळणे घेतो. विमानाला त्यांची अडचण नसते, म्हणून आपल्याला दोन ठिकाणांमधले पृथ्वीच्या पृष्ठभागावरचे सर्वांत कमी अंतर हवे. ते नकाशावर पट्टी ठेवून काढता येते, पण नकाशासंग्रहातल्या अक्षांश-रेखांशांवरून काढले तर अधिक अचूक येते आणि त्यात दहावीच्या भूमितीपलीकडे फारसे काही लागत नाही.

लोहगाव विमानतळ १८ अंश ३५ मिनिटे उत्तर अक्षांशावर आणि ७३ अंश ५५ मिनिटे पूर्व रेखांशावर आहे. दिल्लीचा विमानतळ पालमला, २८ अंश ३४ मिनिटे उत्तर आणि ७७ अंश ६ मिनिटे पूर्व येथे आहे. म्हणजे अक्षांशांतला फरक ९ अंश ५९ मिनिटे (९.९८ अंश) आणि रेखांशांतला फरक ३ अंश ११ मिनिटे (३.१८ अंश).

पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर. त्याला ३६० ने भागले की एका अंशाला साधारण १११ किलोमीटर मिळतात. त्यामुळे दिल्ली पुण्याच्या उत्तरेला ९.९८ × १११ = १,१०८ किलोमीटरवर आहे.

पूर्व-पश्चिम अंतर काढताना थोडी काळजी घ्यावी लागते. रेखांशाच्या रेषा विषुववृत्तावर एकमेकींपासून सर्वांत दूर असतात आणि ध्रुवाकडे जाताना जवळ येत येत तिथे एकत्र मिळतात. त्यामुळे रेखांशाच्या एका अंशाचे अंतर सगळीकडे १११ किलोमीटर नसते. त्याला त्या ठिकाणच्या अक्षांशाच्या कोसाइनने गुणावे लागते. पुणे आणि दिल्ली यांच्या मधला अक्षांश २३.६ अंश, त्याचा कोसाइन ०.९१६. म्हणून दिल्ली पुण्याच्या पूर्वेला ३.१८ × १११ × ०.९१६ = ३२३ किलोमीटरवर आहे.

आता हे काटकोन त्रिकोणाचे उदाहरण झाले. एक बाजू १,१०८, दुसरी ३२३. पायथागोरसच्या प्रमेयाने कर्ण येतो १,१५४ किलोमीटर. पृथ्वी गोल आहे आणि आपण सपाट त्रिकोण वापरला, तरी भारताच्या आतल्या अंतरांसाठी ही रीत चांगली चालते. चूक काही किलोमीटरांचीच राहते. येरवड्यातल्या एखाद्या शाळेपासून विमानतळच सरळ रेषेत चार-पाच किलोमीटर असतो. म्हणून ‘पुणे’ म्हणजे पुण्यातला नेमका कोणता बिंदू, हे न ठरवता उत्तर किलोमीटरच्या दशांशापर्यंत लिहिण्यात अर्थ नाही. हेही वर्गात सांगण्यासारखे आहे.

याच रीतीने लोहगावहून नागपूर सुमारे ६०५ किलोमीटर, कोलकाता सुमारे १,५७५ किलोमीटर आणि मुंबई अवघे १२४ किलोमीटर येते. ही उदाहरणे मुलांकडून करून घ्यावीत.

जाता जाता एक गोष्ट. वैमानिक आणि खलाशी किलोमीटर वापरत नाहीत, सागरी मैल वापरतात. सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा, म्हणजे अक्षांशाच्या एका मिनिटाएवढा असतो. अक्षांशांतला फरक ९ अंश ५९ मिनिटे, म्हणजे ५९९ मिनिटे, म्हणजेच सुमारे ५९९ सागरी मैल. हे विचित्र वाटणारे माप पृथ्वीच्या गोलाईतूनच आले आहे, हे लक्षात आले की मुलांना त्याची गंमत वाटते.

वेळ कुठून कुठपर्यंत?

वेळापत्रकातली वेळ विमान हवेत असतानाची नसते. विमान पुण्याच्या थांब्यावरून हलते तेव्हा ती सुरू होते आणि दिल्लीच्या थांब्यावर उभे राहते तेव्हा संपते. मधल्या काळात विमान कोणकोणती कामे करते याचा एक हिशेब मांडू. आकडे अंदाजाचे आहेत, पण वास्तवाला धरून आहेत.

थांब्यापासून धावपट्टीच्या टोकापर्यंत चाकांवर जाणे आणि उड्डाणाच्या परवानगीची वाट पाहणे: १२ मिनिटे. लोहगावचा तळ १९३९ मध्ये लष्करी तळ म्हणून उभा राहिला आणि आजही एकाच धावपट्टीवर हवाई दलाची आणि प्रवासी विमाने वारा-वेळ पाहून उतरतात आणि उडतात. त्यामुळे वाट पाहणे आलेच.

उड्डाण करून दहा-अकरा किलोमीटर उंची गाठणे: २२ मिनिटे. या काळात विमान सुमारे २२० किलोमीटर पुढे जाते, म्हणजे सरासरी वेग ताशी ६००.

वरच्या उंचीवर ताशी ८३० च्या वेगाने जाणे: ७८० किलोमीटरांना ५६ मिनिटे.

खाली येणे: २३० किलोमीटरांना २५ मिनिटे.

दिल्लीच्या आसपास वळसे घेऊन इतर विमानांच्या रांगेत शिरणे आणि उतरणे: १० मिनिटे. उतरल्यावर थांब्यापर्यंत जाणे: १० मिनिटे.

बेरीज करा. २ तास १५ मिनिटे. वेळापत्रकाशी ती जुळते. प्रत्यक्ष कापलेले अंतरही १,१५४ नसून २२० + ७८० + २३० म्हणजे १,२३० किलोमीटर आहे. विमानेही ठरलेल्या हवाई मार्गांनी जातात आणि लष्करी क्षेत्रे टाळतात. लोहगावची धावपट्टी साधारण पूर्व-पश्चिम आहे. तिच्या टोकांवर लिहिलेले १० आणि २८ हे आकडे होकायंत्रावरच्या १०० आणि २८० अंशांच्या दिशा सांगतात. विमान वाऱ्याकडे तोंड करून उडते. त्यामुळे उत्तरेला दिल्लीला जायचे असले तरी आधी पूर्वेला किंवा पश्चिमेला उडून मग वळावे लागते.

विमान एवढे कष्ट घेऊन इतक्या वर का जाते, असा प्रश्न मुले विचारतातच. अकरा किलोमीटर उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या जेमतेम तीन दशांश असते. विरळ हवेत विमानाला विरोध कमी होतो आणि त्याच इंधनात ते जास्त अंतर जाते. चढण्यात गेलेले इंधन लांबच्या प्रवासात वसूल होते, जवळच्या प्रवासात होत नाही. मुंबई-पुणे मार्गावर अधूनमधून विमानसेवा सुरू झाल्या आणि बंद पडल्या. तिथे वेळापत्रकातली वेळ तासाभराच्या आसपास असे. १२४ किलोमीटर ताशी ८३० ने नऊ मिनिटांत संपायला हवेत, पण विमान त्या वेगाला पोहोचण्याआधीच उतरू लागते.

आरंभबिंदूतून न जाणारी रेषा

आता हाच हिशेब आलेखावर मांडू. आडव्या अक्षावर अंतर किलोमीटरमध्ये, उभ्या अक्षावर वेळापत्रकातली वेळ मिनिटांत घ्या. नागपूर ६०५ किलोमीटर, सुमारे दीड तास म्हणजे ९० मिनिटे. कोलकाता १,५७५ किलोमीटर, सुमारे १६० मिनिटे. वेगवेगळ्या कंपन्यांच्या वेळांत पाच-दहा मिनिटांचा फरक असतो, तो चालेल.

या दोन बिंदूंतून रेषा काढा. ९७० किलोमीटरांना ७० मिनिटे जास्त लागली, म्हणजे रेषेचा चढ ताशी सुमारे ८३० किलोमीटर सांगतो. हाच तर विमानाचा वरच्या उंचीवरचा वेग! आता रेषा डावीकडे वाढवा. ती आरंभबिंदूतून जात नाही. शून्य अंतराला ती उभ्या अक्षाला ४६ मिनिटांच्या आसपास छेदते.

ही ४६ मिनिटे म्हणजे अंतर कितीही असो, प्रत्येक प्रवासाला लागणारा ठराविक वेळ. चाकांवर फिरणे, रांगेत थांबणे, चढण्या-उतरण्यात हळू जाणे, हे सगळे त्यात आहे. म्हणजे आपले सुधारलेले सूत्र असे: वेळ = ४६ मिनिटे + अंतर ÷ ८३० (तासांची मिनिटे करून).

या सूत्राची परीक्षा घ्या. हैदराबाद सुमारे ५०० किलोमीटर: ४६ + ३६ = ८२ मिनिटे. बंगळूर सुमारे ७२० किलोमीटर: ४६ + ५२ = ९८ मिनिटे. मग वेळापत्रक उघडून ताडून पाहा. उत्तरे जवळपास जुळतील. दिल्लीसाठी सूत्र १२९ मिनिटे देते आणि वेळापत्रक त्याहून थोडे जास्त सांगते. तो फरक दिल्लीच्या गर्दीचा. सूत्र जुळते तिथे ते समजल्याचा आनंद आहे, आणि जिथे जुळत नाही तिथे का नाही हे शोधण्याचे काम आहे. विज्ञानाची रीत हीच असते.

नववीच्या वर्गात दोन चलांतली रेषीय समीकरणे शिकवताना ‘छेद’ म्हणजे काय हे फळ्यावर सांगून कळत नाही. रिक्षाचे भाडे हे नेहमीचे उदाहरण आहे: पहिल्या टप्प्याचे ठराविक, पुढे प्रत्येक किलोमीटरचे. विमानाचे उदाहरण त्याच जातीचे आहे, फक्त इथे भाडेपत्रक कोणी हातात देत नाही, ते आपण आकड्यांतून शोधून काढतो.

वेग कशाच्या सापेक्ष?

येरवड्याला नदी नवी नाही. प्रवाहाच्या दिशेने नाव जाते तेव्हा काठावरून पाहणाऱ्याला ती वेगाने जाताना दिसते, आणि उलट दिशेने जाते तेव्हा हळू. नाव पाण्याच्या सापेक्ष सारख्याच वेगाने जात असते. विमानाचे तसेच आहे. ताशी ८३० हा वेग हवेच्या सापेक्ष आहे, आणि ती हवा स्वतः वाहत असते.

हिवाळ्यात आपल्या देशाच्या बऱ्याच भागावर दहा-बारा किलोमीटर उंचीवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. उत्तर भारतावर तर त्यांचा अतिशय वेगवान पट्टा असतो, त्याला जेट प्रवाह म्हणतात. समजा पुण्याहून कोलकात्याला जाताना ताशी १०० किलोमीटरचा वारा पाठीशी आहे. जमिनीच्या सापेक्ष वेग झाला ९३०. हवेतला मुख्य प्रवास १,५७५ किलोमीटरांचा धरला तर १०२ मिनिटे लागतील. परत येताना तोच वारा समोरून, वेग ७३०, वेळ १२९ मिनिटे. जाण्या-येण्यात २७ मिनिटांचा फरक! अंतर मात्र तेच.

इथे एक प्रश्न वर्गाला विचारावा. वारा जाताना मदत करतो, येताना तेवढाच विरोध करतो. मग जाऊन-येऊन लागणारा एकूण वेळ वारा नसतानाएवढाच राहील का? बहुतेक मुले ‘हो’ म्हणतील. वारा नसेल तर एका बाजूला ११४ मिनिटे, दोन्ही मिळून २२८. वारा असेल तर १०२ + १२९ = २३१. तीन मिनिटे जास्तच लागली. कारण विमान मदतीच्या वाऱ्यात कमी वेळ राहते आणि विरोधी वाऱ्यात जास्त वेळ. वाऱ्याचा वेग वाढवत नेऊन पाहा. वारा ताशी ८३० चा झाला तर जाणे निम्म्या वेळात होईल, पण परत येणे कधीच होणार नाही. वाऱ्याचा हिशेब दोन्ही बाजूंनी फिटत नाही, हे एवढ्यावरून पटते.

पावसाळ्यात चित्र बदलते. जून ते सप्टेंबर पुण्यात जमिनीलगत वारा पश्चिमेकडून येतो, ढगही पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना दिसतात. पण त्यांच्या खूप वर, विमानांच्या उंचीला आणि त्याहूनही वर, वारा उलट म्हणजे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहत असतो. दक्षिण भारतावर त्याचा जोर सर्वाधिक असतो. त्याला उष्णकटिबंधीय पूर्वेचा जेट प्रवाह म्हणतात. भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५०च्या दशकात त्याचा सविस्तर अभ्यास मांडला. त्यामुळे हिवाळ्यात पूर्वेला जाणे लवकर होते, तर पावसाळ्यात पश्चिमेला येणाऱ्या विमानाला थोडी मदत मिळते. पुण्याच्या अक्षांशावर ही मदत हिवाळ्यातल्या वाऱ्याएवढी मोठी नसते.

हे वरचे वारे कळतात कसे? हायड्रोजन भरलेले फुगे सोडून. फुगा वर जाताना वाऱ्याबरोबर वाहतो. थिओडोलाइट या दुर्बिणीसारख्या उपकरणाने त्याचा कोन ठराविक वेळाने मोजत राहिले की कोणत्या उंचीवर वारा कोणत्या दिशेने किती वेगाने वाहतो ते काढता येते. फुग्याला तापमान, दाब आणि आर्द्रता मोजून रेडिओने कळवणारे यंत्र बांधले की आणखी माहिती मिळते. जगभरातली केंद्रे असे फुगे ठरलेल्या वेळी सोडतात. आपल्या घड्याळाप्रमाणे त्या वेळा पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाच अशा आहेत. पुण्याचा या शास्त्राशी जुना संबंध आहे. १९२८ मध्ये हवामान खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आले. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर अजून ‘सिमला ऑफिस’ म्हणतात.

लांबची वाट, कमी वेळ

भारताबाहेरच्या प्रवासाला आपली सपाट त्रिकोणाची रीत चालत नाही. इथे पृथ्वीगोल आणि दोरा हवा. मुंबई आणि न्यूयॉर्क या दोन बिंदूंवर दोरा ताणून धरा. भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवली तर रेषा अरबस्तान, आफ्रिकेचा उत्तर भाग आणि अटलांटिक महासागर यांवरून जाते. ताणलेला दोरा मात्र वायव्येला चढतो. रशिया, स्वीडन-नॉर्वे, आइसलंड, ग्रीनलंडचे दक्षिण टोक असा तो जातो. दोऱ्याची वाट साडेबारा हजार किलोमीटरांची आहे. होकायंत्राची एकच दिशा धरून गेल्यास, म्हणजे भिंतीवरच्या नकाशातल्या रेषेने गेल्यास, ती सुमारे १४,२०० किलोमीटर होते. ताणलेल्या दोऱ्याच्या वाटेला बृहद्वृत्ताचा कंस म्हणतात. असे वृत्त पृथ्वीचे दोन समान भाग करते.

पण सर्वांत जवळची वाट नेहमीच सर्वांत लवकरची असते असे नाही. याचे उत्तम उदाहरण एअर इंडियाने दिले. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को विमानसेवा डिसेंबर २०१५ मध्ये सुरू झाली तेव्हा विमान पश्चिमेला, अटलांटिकवरून जात असे. ती वाट सुमारे १३,९०० किलोमीटरांची. ऑक्टोबर २०१६ मध्ये विमान उलट दिशेने, पूर्वेला, पॅसिफिक महासागरावरून नेले. वाट सुमारे १५,३०० किलोमीटर, म्हणजे १,४०० किलोमीटर जास्त. तरी प्रवास साडेचौदा तासांत झाला, आधीपेक्षा सुमारे दोन तासांनी कमी! कारण अटलांटिकवरून जाताना समोरून येणारा पश्चिमेचा वारा पॅसिफिकवरून जाताना पाठीशी आला. परतताना विमान पुन्हा पूर्वेलाच, अटलांटिकवरून यायचे. जाताना आणि येतानाही वारा पाठीशी, आणि एका फेरीत पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण!

कधी वाट निसर्ग ठरवत नाही, माणसे ठरवतात. २०१९ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानचे आकाश बंद होते, आणि एप्रिल २०२५ मध्ये ते भारतीय विमानांना पुन्हा बंद झाले. दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्या विमानांना दक्षिणेकडून वळसा घालावा लागला. पृथ्वीगोलावरचा दोरा तसूभरही हलला नव्हता, वेळ मात्र वाढली.

हिशेब चुकला तर

एवढे सगळे कशासाठी, असे कोणी म्हणेल. वीस मिनिटे इकडेतिकडे झाली तर काय बिघडते? बसमध्ये काही बिघडत नाही. बसमधले डिझेल संपले तर ती कडेला उभी राहते. विमानाला कडा नसते.

विमानात इंधन भरताना दिल्लीपर्यंतचे अंतर पाहून चालत नाही. जेट इंजिने इंधन वेळेच्या हिशेबाने खातात. म्हणून वैमानिक आधी जमिनीवर फिरण्याचे, मग वाऱ्याचा अंदाज धरून प्रवासाचे इंधन काढतो. त्यावर अंदाज चुकेल म्हणून थोडे जास्त घेतो. उतरायचे ठिकाण बंद असेल तर दुसऱ्या विमानतळापर्यंत जाण्याचे इंधन घेतो, आणि शेवटी तिथे पोहोचल्यावरही अर्धा तास घिरट्या घालता येतील एवढे राखीव ठेवतो. एकच धावपट्टी असलेल्या विमानतळावर येताना पर्यायी ठिकाणाचा विचार विशेष महत्त्वाचा ठरतो. धावपट्टीवर एखादे विमान अडकले की सगळेच बंद.

२५ जानेवारी १९९० रोजी कोलंबियाच्या आव्हियांका कंपनीचे बोइंग ७०७ विमान न्यूयॉर्कला येत होते. हवामान खराब होते, विमानांची रांग लागली होती. या विमानाला वाटेत तीन ठिकाणी मिळून तासाहून अधिक वेळ घिरट्या घालाव्या लागल्या. उतरण्याचा पहिला प्रयत्न फसला. इंधन संपत आले होते, पण ही आणीबाणी आहे हे वैमानिकांनी नियंत्रण कक्षाला ठरलेल्या शब्दांत सांगितले नाही. इंधन संपून विमान लाँग आयलंडवर कोसळले. विमानातल्या १५८ जणांपैकी ७३ जण दगावले. ज्या अंतरासाठी विमान निघाले होते ते त्यांनी कधीच पार केले होते. कमी पडली ती वेळ.

वर्गात करून पाहण्यासाठी

१. नकाशासंग्रहातून गोवा, चेन्नई, अहमदाबाद आणि जयपूर यांचे अक्षांश-रेखांश घेऊन लोहगावपासूनची अंतरे काढा. त्यावरून वेळांचे भाकीत लिहून ठेवा आणि मगच वेळापत्रक पाहा. आधी भाकीत, नंतर पडताळा, हा क्रम मोडू नका.

२. शाळेच्या गच्चीवरून आठवडाभर रोज एकाच वेळी विमाने कोणत्या दिशेला उडतात याची नोंद करा. शेजारी झेंडा किंवा कापडी पट्टी लावून वाऱ्याची दिशाही लिहा. दोन्हींचा संबंध दिसतो का? पावसाळ्यात आणि हिवाळ्यात तो बदलतो का?

३. दुबईचे घड्याळ आपल्या दीड तास मागे आहे. समजा, पुण्याहून निघालेले विमान दोन्हीकडच्या स्थानिक घड्याळांप्रमाणे १ तास ४५ मिनिटांत दुबईला पोहोचलेले दिसते, आणि परतीचा प्रवास ४ तास २० मिनिटांचा दिसतो. प्रत्यक्ष प्रवासाच्या वेळा किती? त्यांत फरक असेल तर तो कशाचा? (उत्तर: ३ तास १५ मिनिटे आणि २ तास ५० मिनिटे. वेळेचा फरक वाऱ्याचा असू शकेल.)

४. कागदावर ‘पुणे ते दिल्ली अंतर किती?’ असा एकच प्रश्न लिहून तो रिक्षाचालक, रेल्वेतले कर्मचारी आणि वैमानिक यांना विचारला, तर तिघांची उत्तरे का वेगळी येतील? तिघेही बरोबर असू शकतात का?

शेवटच्या प्रश्नाला घाई करू नये. अंतर, वेग आणि वेळ यांचे सूत्र सातवीत पाठ होते, पण त्यातल्या प्रत्येक शब्दापुढे ‘कोणते?’ असा प्रश्न लावायची सवय त्यानंतर लागावी लागते. ती लागली की मूल सूत्राला खोटे म्हणत नाही आणि वेळापत्रकालाही नाही. दोन्हींच्या मधला पाऊण तास कुठे गेला, ते शोधायला लागते.